रुमालापुरते निखारे

"कालचीच राख आहे. कालची कसली, परवाची," माझं झाकण उघडून ताईची धाकटी बहीण पुटपुटली. "खाऊनपिऊन झोपायचं हिने, आणि राख काढायची आम्ही."

मित्रांनो, ती राख माझ्या पोटातली होती. मी एक जुनी पितळी इस्त्री आहे, कोळशावर तापणारी. अंगाने जड, बुडाने गुळगुळीत. वितळलेलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं, कानशीने घासलं, आणि वर लाकडी मूठ बसवली. ही मूठ आधी बाबांच्या हाताने झिजली, मग ताईच्या.

बाबांनी मला घेतलं ते दुकानासाठी. दुकान म्हणजे एक खोली. पुढे टेबल, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. ताई दहा वर्षांची असताना त्यांनी तिला शिकवलं की आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, आणि शर्टाची पुढची बाजू शेवटी, कारण लोक तीच बघतात. मग बाबा गेले. कसे गेले हे या घरात कोणी बोलत नाही. कुणी विचारलंच, तर छातीत कळ आली म्हणतात. मी पडले वस्तू, मीही तेच म्हणते.

ताईच्या हाताखाली मला सोन्याचे दिवस आले. पुढच्या गल्लीतले वकील म्हणायचे, आमची केस कच्ची असली तरी कॉलर पक्की असते. वीस वर्षं तिने एका हाताने घर ओढलं आणि दुसऱ्या हाताने मला.

मागच्या वर्षी ताई थकली. घडलं काहीच नव्हतं. ना ताप, ना भांडण, ना मोडलेलं लग्न. एखादं कारण असतं तर घरच्यांनी ते जपून ठेवलं असतं, आल्यागेल्याला दाखवलं असतं. कारण सापडेना, म्हणून आळस ठरला.

आधी ती मला धरून नुसती उभी राहायची. मी तापलेली, शर्ट पसरलेला, आणि ती कॉलर कुठे असते हेच विसरल्यासारखी. मग उशिरा उठू लागली. मग उठेनाशी झाली. मीही काही साधी नाही. एकदा तिने मला चादरीवर तशीच ठेवली, तर मी तिथे माझ्या आकाराचा डाग पाडला. वाटलं, जळका वास येईल, दचकेल, जागी होईल. तिने डागाकडे पाहिलं आणि आत जाऊन पडली.

शेजारीण म्हणाली, मन रमवावं. मामा म्हणाले, हिला पलंगावरच दुकान काढून द्या. धाकटी दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खायची, माझ्याशी झगडून बोटं भाजून घ्यायची, आणि तिचा सगळा राग ताईवर निघायचा. एका सकाळी तिने कपड्यांवर पाणी मारायची बाटली उचलली आणि झोपलेल्या ताईच्या तोंडावर फवारली. म्हणाली, कपडे सरळ होतात, तू का नाही होणार? आई पडद्याजवळ बसून मोजे जोडत होती. तिने मान वर केली नाही.

मग ती चूक झाली. शाळेच्या बँडचे अठरा पांढरे शर्ट आले होते. एक दिवस ताई कशीबशी उठली, शर्टांवर पाणी मारून त्यांच्या गुंडाळ्या करून ठेवल्या. ओल मुरली की इस्त्री छान बसते. पण ओलं कापड वाट बघत नाही. ताई पुन्हा झोपली ती चार दिवस. गुंडाळ्या सोडल्या तर सगळ्यांवर बुरशीचे काळे ठिपके.

धाकटीने ते शर्ट एकेक करून ताईच्या अंगावर पसरले आणि बँडमास्तरांना आत बोलावलं. "बघा सर, आमची कारागीर." ताई अठरा शर्टांखाली निजून त्यांना सॉरी म्हणाली. सर बिचारे तोवर चपला न घालताच निघाले होते.

मामांनी निकाल दिला. विजेची इस्त्री आणायची, हाताखाली माणूस ठेवायचा. ताईने सोमवारी मामांच्या घरी जायचं, मामींच्या हाताशी राबायला, ते कायमचं. मी भंगारात.

शुक्रवारी दुपारी ताई आपणहून टेबलाशी आली. माझ्यात चारच निखारे घातले, रुमालापुरते. एक रुमाल पसरला. त्याला अर्धा तास लागला. मध्ये दोनदा ती स्टुलावर टेकली. धाकटी बघतच होती. "अठरा शर्टांची माती, आणि वर रुमाल एक," असं म्हणत तिने माझ्या भोकातून जोरात फुंकर मारली. राख उडाली, रुमालावर बसली.

ताईने तो झटकला. म्हणाली, "आज एवढंच जमलं."

मित्रांनो, थंड इस्त्री आपटली म्हणून तापत नाही. आणि आत निखारा असला तरी हळू फुंकायचं असतं, थांबायचं असतं. मोठ्या फुंकरीने राखच उडते. तुमच्या घरात कुणी असं विझत आलं, तर एवढं लक्षात ठेवा. मी तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, पण इस्त्रीला विचारतो कोण?

शनिवारी ताईने दोन रुमाल केले. रविवारी एकही नाही. सोमवारी मामा आले, त्यांनी मला पोत्यात टाकलं. पोतं विरलेलं होतं, मला सगळं दिसत होतं. ताई पिशवी घेऊन दाराशी उभी होती. केस तसेच, पिशवीत दोनच कपडे.

"हिला रोग बिग काही नाही," मामा चपला चढवत म्हणाले. "शिस्त नाही. हिचा बाप पण असाच..."

आणि थांबले. या घरात सगळे तिथेच थांबायचे.

आईने मोजे खाली ठेवले. उठली आणि ताईच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"थांबलास का, दादा? मी बोलते पुढचं," ती म्हणाली. "ते आळशी नव्हते. ते आजारी होते. छातीत कळ कसली आली होती? आपण त्यांना रोज बोललो, आणि एक दिवस त्यांनी स्वतःला संपवलं."