सालानं ठेवलेलं मशीन

वडीगोद्रीत हायवेला लागून भुजंगचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. २००१च्या पाडव्याला तिथे कॉम्प्युटर आला. तो भुजंगने विकत घेतलेला नव्हता. अंबडच्या गिरिधरने तो स्वतःच्या खर्चाने आणून बसवला होता.

गिरिधर आधी औरंगाबादला एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. नोकरी सोडून तो गावाकडे आला, तो एक कल्पना घेऊनच. दुकानदाराने मशीन विकत घ्यायचंच नाही. मशीन गिरिधरचं, दुरुस्ती गिरिधरची, बिलाचा प्रोग्रामही त्याचाच. दुकानदाराने फक्त वापरायचं आणि महिन्याचे पैसे द्यायचे.

पहिल्या भेटीत भुजंगच्या डोक्यात हे काही शिरेना.

"मशीन कोणाचं?"

"माझं."

"बिघडलं तर?"

"तेही माझंच."

"मंग माझं काय राह्यलं?"

"काम. तुमचं काम झालं पाहिजे, एवढंच तुम्ही बघायचं."

गल्ल्याजवळ तांदूळ निवडत बसलेल्या झुंबरबाईंनी, भुजंगच्या आईने, मान वर केली. "अरे, सालगडी ठेवल्यावानी हाय ते. गडी आपला असतो का? काम आपलं असतं."

गिरिधरला हा शब्द इतका आवडला की पुढे तो मंठ्याला आणि आष्टीला दुकानदारांना भेटायला गेला, तेव्हा हेच सांगत सुटला. कॉम्प्युटर सालानं ठेवा. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. लोकांना ते चटकन कळायचं. दोन्हीकडच्या दुकानदारांनी मात्र एकच अट घातली. वडीगोद्रीच्या भुजंगने दुसरं साल केलं, तर आम्हीही करू.

म्हणजे सगळं भुजंगवर येऊन थांबलं. त्याने नाही म्हटलं, तर गिरिधरला पुन्हा औरंगाबादला नोकरी शोधत फिरावं लागणार होतं.

शब्द पटकन कळला, पण त्याचा अर्थही सोबत आला. सालगडी एकाच कामाचा नसतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, म्हणून गिरिधर दुपारीच यायचा. तेव्हा भुजंग दुकानामागच्या घरात जेवून झोपलेला असायचा. गिरिधर मशीन उघडून खताची धूळ झाडायचा, बॅटरी तपासायचा, हिशेबाची नक्कल काढून सोबत न्यायचा. काम उरकून निघाला की झुंबरबाई चहा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, जरा ते मिक्सर बघ. घरघर करून राह्यलंय."

मिक्सर झाला. मग फोनची वायर झाली. मग विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. त्या दिवशी त्यांचा सालगडी रखमाजी बांधावर बसून बघत होता.

"गिरिधरराव, तुमचं साल कितीचं ठरलं?"

"अहो, मी फक्त कॉम्प्युटरचा आहे."

"मीबी फक्त बैलाचा आल्तो," रखमाजी म्हणाला. "आता दुकानाची टाकी धुतो."

गिरिधर हसला, पण स्टार्टर दुरुस्त करूनच उठला. झुंबरबाईंना तो मावशी म्हणायचा आणि त्यांना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

वर्ष सरत आलं तसा जालन्याचा एक विक्रेता दुकानात येऊन गेला. नवा कॉम्प्युटर, मालकीचा, वर रंगीत कव्हर फुकट. भुजंगला मालकी हा शब्द गोड लागला. त्याने गिरिधरला मुद्दाम सकाळी बोलावून घेतलं.

"गिरिधरराव, राग मानू नका. पण वर्षभरात मशीन एकदा तरी बंद पडलं का?"

"नाही."

"तुम्हाला कधी धावत यावं लागलं का?"

"नाही."

"मंग तुम्ही केलं काय?"

"तेच केलं," गिरिधर म्हणाला. "बंद पडू दिलं नाही."

"हे म्हणजे पाऊस न्हाई आला म्हणून छत्रीवाल्यानं पैसे मागावं तसं झालं."

"भुजंगभाऊ, मी आठवड्याला येतो. तुम्ही झोपलेले असता."

"बघा, आता माझी झोप काढून राह्यले!" भुजंग हसला, पण मुद्दा सोडला नाही. "पाडव्याला मशीन घेऊन जा. जालनेवाल्याला मी हो म्हणून बसलोय."

झुंबरबाई तिथेच होत्या. तांदळातला एक खडा त्यांनी उचलून दाराबाहेर टाकला.

पाडव्याच्या सकाळी गिरिधर रिकामं खोकं घेऊन आला. दुकानावर गुढी उभी होती. भुजंग घरच्या पूजेत होता. दुकानात झुंबरबाई आणि नव्या धोतरातला रखमाजी, एवढेच होते. गिरिधरने पेचकसाने स्क्रू सोडवून प्रिंटरची वायर काढली. मग मशीनची काढली आणि हातावर गुंडाळत उभा राहिला. घाई करावी असं त्याला वाटत नव्हतं.

झुंबरबाईंनी कपाटातून कापडाचे दोन तुकडे काढले. एक रखमाजीला दिला. त्याने तो कपाळाला लावला. दुसरा त्यांनी गिरिधरपुढे धरला, पँट-शर्टाचा, राखाडी रंगाचा.

"घे बाबा."

निरोपाचा आहेर, असं गिरिधरला वाटलं. त्याने वायर खाली ठेवली, वाकून पाया पडला आणि दोन्ही हातांनी कापड घेतलं.

रखमाजीला खोकला आला. तो खोकला नव्हता.

तेवढ्यात भुजंग आला. कपाळाला गंध, हातात साखरेची गाठी. त्याची नजर आधी रखमाजीच्या काखेतल्या कापडावर गेली, मग गिरिधरच्या हातातल्या.

"माय! हे काय केलं?"

"साल धरलं."

"कोणाला इच्यारून?"

"तुझ्या बापाच्या टायमापासून गड्याचं साल म्याच धरते. तवा कोणाला इच्यारत होते?" झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "तू झोपतो तवा हा येतो. तुला न्हाई दिसला, मला दिसला. बास."

"अगं, पण जालनेवाला..."

"त्याला सांग, जागा भरली."

गिरिधरला काही कळेना. रखमाजीने त्याला समजावलं. पाडव्याला मालकिणीच्या हातचं कापड घेतलं की साल लागलं. मग पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाला गडी काढता येत नाही.

"आन् गड्यालाबी जाता येत न्हाई," रखमाजी म्हणाला. "तुम्ही तर पाया पडून घेतलंय. लई पक्कं झालं."

भुजंगने आईकडे पाहिलं, गुढीकडे पाहिलं. दुकानात, सणाच्या दिवशी, दिलेलं कापड परत मागायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने गाठीचा एक तुकडा मोडून गिरिधरच्या हातावर ठेवला.

"मंठेवाल्यांना कळवा," तो म्हणाला. "आष्टीलाबी. भुजंगनं दुसरं साल केलं म्हणावं. माझ्या मायनं केलं, असं सांगू नका."

गिरिधरने रिकामं खोकं पायाने बाजूला सारलं आणि वायर परत लावली. मशीन सुरू झालं. कापड काखेत तसंच होतं. तो वळला आणि जमेल तेवढ्या खंबीर आवाजात म्हणाला, "मावशी, एक सांगतो. या साली फक्त कॉम्प्युटर. मिक्सर सालात नाही."

"बराबर हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "बिलकुल न्हाई."

त्या उठून आत गेल्या. आतून श्रीखंडातल्या वेलदोड्याचा वास आला आणि मग त्यांचा आवाज.

"जेवून जा रे बाबा. आन् येताना तुझं ते पेचकस घेऊन ये."

रखमाजीने पेचकस आधीच उचलून हातात धरलं होतं.