साडेपाचचं टेबल, दोघांसाठी

जेवण झालं. उत्तम झालं. अकराव्या डेकवरच्या खास रेस्टॉरंटमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर, संध्याकाळी साडेपाच वाजता दोन माणसं जेवली. तीन पदार्थ वाढले गेले, ताटल्या उचलल्या गेल्या, तक्रार नाही. जहाजाच्या कॉम्प्युटरात तशी नोंद आहे, आणि त्या कॉम्प्युटरला खोटं पाडायचं तर आधी समुद्र आटवावा लागेल.

तर हे जेवण झालंच नाही असं धरून चालू. कोण म्हणालं झालं? अजून अर्जावर सह्यासुद्धा नाहीत.

सह्या हव्या होत्या तिला. ती दुसऱ्या डेकवरच्या लॉन्ड्रीत नॅपकिनच्या इस्त्रीवर होती. दिवसाला चार हजार नॅपकिन. तप्त रोलरच्या एका बाजूने ओलं फडकं घालायचं आणि दुसऱ्या बाजूने कडक चौकोन काढून घ्यायचा. लॉन्ड्री पाण्याच्या पातळीखाली होती, त्यामुळे सात महिने समुद्रावर राहून तिला समुद्र असा दिसला नव्हता. तो खवळला की नाही, हे ती सकाळी खाली येणाऱ्या चादरींच्या ढिगावरून ओळखायची. ढीग मोठा आणि वास आंबट असला, की रात्री लाटा उंच होत्या.

तिचा नवरा त्याच जहाजावर, नऊ मजले वर, खास रेस्टॉरंटात वेटर होता. ती त्याला अहो म्हणायची. पहिल्याच दिवशी जहाजावर चढायच्या गँगवेवर तिने "अहो, बॅग राहिली" अशी हाक मारली आणि नोंदणीवाल्याला वाटलं, हेच त्याचं नाव. तेव्हापासून अकरा देशांतले लोक तिच्या नवऱ्याला अहो म्हणत होते. आचारी ओरडायचा, "अहो, चार नंबरचं सूप!" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला पदर खोचून भांडावंसं वाटलं होतं. पण अंगावर युनिफॉर्म होता, खोचायला काही नव्हतं. मग राहून गेलं.

दोघांना केबिन एकच होती, वेळ मात्र एक नव्हती. तिचं काम सहा ते चार. अहोंचं अकरा ते तीन, आणि पुन्हा चारपासून शेवटचा पाहुणा उठेपर्यंत. ती झोपल्यावर ते यायचे, ते झोपलेले असताना ती जायची. जहाजावर रविवार असतो, पण सुट्टी नसते. संसार चालला होता तो चिठ्ठ्यांवर. लॉन्ड्रीच्या वापरलेल्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दात घासायच्या मगाखाली ठेवायच्या. "साबण संपलाय." "आणला." "गुडघा कसाय?" "आहे." सात महिन्यांचं सगळं संभाषण एका बुटाच्या खोक्यात मावत होतं, आणि बूट लहान मापाचे होते.

दर रविवारी सासूबाईंचा फोन. "एकत्र जेवता ना गं?"

"हो, आई."

"नाही, तो फार रेंगाळतो जेवताना. एक पोळी अर्धा तास. समोर कुणी असलं तर बरं असतं."

हे खरं होतं. घरी असताना अहो जेवायला बसले की ताटालाही कंटाळा यायचा. घास करायचे, त्याच्याकडे बघायचे, काहीतरी आठवायचं, सांगायचे, मग घास पुन्हा पहिल्यापासून करायचे. तिला तेव्हा याचा वैताग यायचा. आता वैताग यायलासुद्धा माणूस समोर नव्हता. तीन आठवड्यांनी तिचा करार संपणार होता. ती उतरून घरी जाणार, अहोंचे अजून चार महिने बाकी. आणि सात महिने एका छपराखाली राहून तिने नवऱ्याला एकदाही जेवताना पाहिलेलं नव्हतं. घरी गेल्यावर सासूबाईंसमोर बसून "हो, आई" म्हणायला तोंड कुठून आणायचं?

नियम असा होता: कर्मचाऱ्याला एका करारात एकदा, टेबल रिकामं असेल तर, खास रेस्टॉरंटात पाहुणा म्हणून बसता येतं. अर्ज कर्मचारी कल्याण विभागात मिळतो. तिथल्या कारकुनाकडे पाहून त्याचं स्वतःचं कल्याण झाल्याची शंका कुणालाही आली नसती.

"चार सह्या," तो म्हणाला. "तुमचा साहेब, त्यांचा साहेब, डॉक्टर आणि सुरक्षा अधिकारी."

"जेवायला सुरक्षा अधिकारी कशाला?"

"लोक विचारतात," कारकून म्हणाला, आणि अर्ज पुढे सरकवला.

पहिली सही लॉन्ड्रीप्रमुखांची. त्यांना सगळे मामा म्हणायचे. बावीस वर्षं वाफेत काढल्यामुळे ते बाराही महिने नुकतेच उकडल्यासारखे दिसत.

"वहिनी, जा. पण त्याच्याकडे कोट आहे का? तिथे कोटाशिवाय बसू देत नाहीत."

"नाही."

मामांनी कपाटातून प्लास्टिकात गुंडाळलेला कोट काढला. "निवृत्तीच्या दिवशी घालायला शिवलाय. डाग पडला तर मला सांगू नका, तुम्हीच काढा. माझ्यापेक्षा चांगला काढता."

दुसरी सही रेस्टॉरंटच्या मॅनेजरबाईंची. ती अहोंनी आठ दिवस रोज सकाळी आठशे चमचे घासून मिळवली. त्याचा वृत्तांत चिठ्ठीत एका ओळीत आला: "सही झाली. अंगठा गेला."

तिसरी डॉक्टरची. "अठ्ठेचाळीस तासांत उलटी, जुलाब?"

"नाही."

"शेवटचं जेवण कधी?"

"एकत्र?" तिने विचारलं.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, सही केली आणि म्हणाला, "पुढचा."

खरी मेख सुरक्षा अधिकाऱ्याकडे होती. आपत्तीच्या वेळी तिची जागा आठ नंबरच्या बोटीपाशी, जहाजाच्या डाव्या बाजूला. अहोंची तेरा नंबर, उजव्या बाजूला. भोंगा वाजला तर दोघं एकमेकांत अडखळता कामा नयेत. त्याने रेस्टॉरंटचा नकाशा पसरला आणि पेन्सिलीने दोन बाण काढले, दोन दिशांना.

"समोरासमोर बसा. पण पाय आपापल्या दाराकडे ठेवा."

"आणि तोंड?"

"तोंडाबद्दल नियम नाही," असं म्हणून त्याने सही केली.

मग बेत सुरू झाला. अहोंनी चिठ्ठी लिहिली ती पाहुण्यांना लिहावी तशी: "बाईसाहेबांना कशाची ॲलर्जी आहे का?" तिने खाली लिहिलं, "वाफेची." मग मासा की कोंबडी यावर तीन दिवस गेले. एक प्रश्न आज, त्याचं उत्तर उद्या. युद्धाचा तहसुद्धा याहून लवकर झाला असता. शेवटी ठरलं: सूप, भाजलेला मासा, आणि तो थरथरणारा गोड पदार्थ, ज्याचं नाव दोघांनाही नीट म्हणता येत नव्हतं. चौथ्या दिवशी मगाखाली नुसतं "हळू जेवू" एवढंच लिहिलेलं निघालं. ती चिठ्ठी तिने खोक्यात न ठेवता युनिफॉर्मच्या खिशात ठेवली. युनिफॉर्म धुवायला गेला आणि चिठ्ठीचा लगदा झाला. लॉन्ड्रीतल्या बाईकडून अशी चूक व्हावी, याचं मामांना फार वाईट वाटलं.

शुक्रवारी साडेपाचला दोघं बसले.

कोट मामांच्या मापाचा होता, म्हणजे अहोंच्या आजूबाजूला अजून थोडी जागा होती. खिडकीत समुद्र होता. तिने तो पाहिला. बराच मोठा होता.

"बरं वाटतंय?" अहोंनी विचारलं.

"हो. तुम्ही बारीक झालात."

"कोट मोठा आहे."

"मान पण कोटाची आहे का?"

अहो हसले. त्यांनी पाव उचलला, एक तुकडा मोडला आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या जिवात जीव आला. आता आठवेल, आता सांगतील.

"सहा नंबरचं पाणी संपलंय," अहो म्हणाले.

"तुमचं नाही ते टेबल आज."

"नाही ना." त्यांनी पाव खाली ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "कोणीतरी भरेल."

कोणी भरेना. त्या दिवशी दोन वेटर डॉक्टरने पोट बिघडलं म्हणून खोलीत बंद केले होते आणि बाहेर पाहुण्यांची रांग दारापर्यंत आली होती. उरलेले तिघे जिवाच्या आकांताने पळत होते. सूप आलं. अहोंनी चमचा उचलला, सूपमध्ये बुडवला आणि तसाच धरून ठेवला. डोळे सहा नंबरवर.

"एक मिनिट," ते म्हणाले.

तिला हे मिनिट ठाऊक होतं. वेटरचं मिनिट आणि देवाचं वर्ष यांत फारसा फरक नसतो. पण तेवढ्यात नऊ नंबरवरच्या गृहस्थाने लाल वाइन सांडली आणि ती पुसायला शेजारणीचा नॅपकिन घेतला. पुसायला. घासून. लाल डाग घासतात का कधी? त्यावर गार पाणी ओतून कापड अलगद दाबायचं असतं. हा नॅपकिन तिने सकाळीच रोलरमधून काढला होता, कोपऱ्यातल्या उसवलेल्या टाक्यावरून तिने ओळखला. ती दोन श्वास थांबली. गृहस्थ घासतच होता.

ती उठली.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते दोघांनाही नीट सांगता आलं नाही. ती नऊ नंबरचा टेबलक्लॉथ पॅन्ट्रीत नेऊन गार पाण्याखाली धरून उभी होती, तिथून मॅनेजरबाईंनी तिच्या हातात स्वच्छ क्लॉथचा गठ्ठा दिला, कारण हात दिसले की त्यात काहीतरी द्यायची त्यांना सवय होती. अहो मामांच्या कोटात सहा ताटल्या घेऊन फिरत होते. पाहुण्यांना वाटलं, हे मालक असावेत. एका आजींनी त्यांच्याबरोबर फोटोही काढून घेतला.

मधेच एकदा पॅन्ट्रीच्या दारात दोघं समोरासमोर आले. "मासा आला असेल आपला," ती म्हणाली. "हा आलोच," ते म्हणाले, आणि दोघं दोन दिशांना गेले, अगदी सुरक्षा अधिकाऱ्याच्या बाणांप्रमाणे.

अहोंना शिकवण अशी होती, की दोन खुर्च्या रिकाम्या, नॅपकिन खुर्चीवर आणि ताटलीतलं अन्न गार झालेलं दिसलं, की पाहुणे उठले असं समजायचं. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांना नेमकं हेच दिसलं. त्यांनी विचार केला नाही. विचार करणारा वेटर टिकत नाही. त्यांनी न शिवलेला मासा उचलला, गार सूप उचललं, थरथरणारा पदार्थ अजून थरथरत होता तोही उचलला, टेबल पुसलं, नवा क्लॉथ टाकला, कॉम्प्युटरवर "जेवण पूर्ण, दोन माणसं" असं बोट दाबलं आणि रांगेतल्या एका जोडप्याला हसून तिथे बसवलं. खुर्चीसुद्धा मागे ओढून दिली.

ताटल्यांची चळत घेऊन ते पॅन्ट्रीत आले तेव्हा ती हात पुसत होती.

"चला," ती म्हणाली. "आता बसू."

अहोंनी हातातल्या माशाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा माशाकडे.

"हा आपला होता," ते म्हणाले.

ती हात पुसतच राहिली. ओरडायला अंगात त्राण लागतं, आणि ते सकाळी सहाला चार हजार नॅपकिनांना वाटून झालं होतं. बाहेरून आचाऱ्याची हाक आली, "अहो, दोन नंबर!" अहोंनी तिच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून माशाचा एक मोठा तुकडा तोंडात टाकला आणि गिळला. चावला नाही. चार सेकंद लागले असतील. दुसरा तुकडा, तीन सेकंद. ओठ कोटाच्या बाहीला पुसायला निघाले होते, कोट मामांचा आहे हे आठवलं, मग हाताला पुसले आणि गेले.

नवरा जेवतो कसा, हे तिने सात महिन्यांनी पाहिलं ते असं.

दुसऱ्या दिवशी ती कल्याण विभागात गेली.

"तुमचं जेवण झालेलं आहे," कारकून कॉम्प्युटरात बघत म्हणाला.

"आम्ही जेवलो नाही."

"ते वेगळं. जेवण झालेलं आहे. करारात एकदाच."

"मग काय करायचं?"

"अर्ज करा."

"मिळेल?"

"नाही. पण नाकारायला मला कागद लागतो."

रविवारी सासूबाईंचा फोन आला. एकत्र जेवता ना गं? ती म्हणाली, परवा मोठ्या हॉटेलात बसलो होतो, आई, खिडकीपाशी, समुद्र दिसत होता. सासूबाई खूश झाल्या. मग हसत त्यांनी विचारलं, "अजून तसाच रेंगाळतो का गं? की सुधारला?"

तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीला नुसता रंग होता.

"तसेच आहेत," ती म्हणाली. "तासभर उठले नाहीत."

फोन ठेवला आणि ती अर्ज लिहायला बसली. मगाखाली एक चिठ्ठी होती, "माफ कर. मासा चांगला होता." ती तिने उलटी केली. पाठीमागे लॉन्ड्रीची पावती होती, लिहायला जागा नव्हती. मग मामांकडून एक पूर्ण कोरा कागद मागून आणला.

मा. कप्तान साहेब यांस,
कर्मचारी कल्याण विभागामार्फत,

विषय : भूक एकाच वेळी लागण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयी विनंती की, मी (लॉन्ड्री, डेक दोन) व माझे पती (खास रेस्टॉरंट, डेक अकरा) यांना दिनांक पाहून आपल्या सोयीने, दिवसातून एकदा, एकाच वेळी भूक लागू द्यावी. सदर वेळी जहाजावरील कोणत्याही पाहुण्यास तहान लागू नये व कोणाचीही वाइन सांडू नये, अशी सूचना सर्व डेकवर प्रसृत करावी. माझे पती एका घासास अर्धा तास घेतात. हे त्यांच्या सेवापुस्तकात नमूद नसल्याने तशी दुरुस्ती करावी, आणि त्यांचं ते जेवण पूर्ण होईपर्यंत जहाज कोणत्याही बंदरास लावण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू.