‘रद्द’ नको, ‘राहू द्या’

मिनाला त्या खुर्चीतून काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. खुर्ची प्लास्टिकची, एक पाय किंचित आखूड. पण तिच्यावर बसणाऱ्याला सेनगावात दरमहा पगार होता, पगारात एक खोली होती आणि त्या खोलीत धाकट्या दिपाची नववी होती. खुर्ची हुकली, तर दसरा झाला की दोघी बहिणी आईबापाबरोबर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये, आणि दिपाची शाळा उसाच्या फडात. आखूड पायाच्या एका खुर्चीवर इतकं सगळं बसलं होतं, मित्रांनो, आणि ती मिळवण्याच्या खटपटीत माझाही थोडा हात होता.

मी म्हणजे एक जुना कळफलक. लोक किबोर्ड म्हणतात. मला दोन्ही नावं चालतात. १९९९च्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा संतरामने मला नांदेडहून आणलं. संतरामचं सेनगावच्या एसटी स्टँडसमोर टायपिंगचं दुकान. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं आणि नवी कार्यालयं म्हणजे नवे अर्ज, हे त्याने गावात सगळ्यांच्या आधी ओळखलं. बाकीचे पेढे वाटत होते. हा दोन पेढे तोंडात टाकून थेट नांदेडच्या गाडीत बसला.

तेव्हा माझ्या अंगावर फक्त इंग्रजी अक्षरं होती. संतरामने मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या कापून माझ्या कळांवर लावल्या. घाईत ‘ळ’ वाकडा बसला, तो अजून वाकडाच आहे. माझी पाठ कायम पडद्याकडे. त्यामुळे पडद्यावर काय उमटतं ते मला दिसत नाही, पण समोरचा माणूस मात्र पुरता दिसतो. कोण खोटा अर्ज करतोय, ते तहसीलदाराच्या आधी मला कळायचं. असा माणूस स्वतःचं नाव सांगतानाही जरा थांबतो.

तीन वर्षांनी मिना कामाला आली, तेही ऊसतोड नसेल तेवढेच महिने. जवळच्या तांड्यावरच्या बाबूसिंगची ही थोरली लेक. टाइपरायटरची परीक्षा पास झालेली, बोटं चांगली चपळ. पण टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून, अशी तिच्या बोटांना सवय. संगणकाचं उलटं. तिथे जसं बोलतो तसं, आधी अक्षर आणि मग वेलांटी. स्वतःचं ‘मिना’ लिहायला गेली की वेलांटी ठिपक्यांच्या एका रिकाम्या गोलावर लोंबकळायची म्हणे. संतराम म्हणायचा, “वेलांटी हाय का झोका, मिना?” आठ दिवस तिने माझी बॅकस्पेसची कळ झिजवली. नवव्या दिवशी झोका थांबला.

मग गफूर मास्तर आले. ते उर्दू शाळेत शिकवायचे. निमंत्रणं, शाळेच्या सूचना, सगळं उर्दूत हवं असायचं. मिनाने आपली पांढरी नेलपॉलिशची बाटली त्यांना दिली आणि मास्तरांनी मला मांडीवर घेऊन एकेका कळेच्या कोपऱ्यात उर्दू अक्षर काढलं. त्या दिवसापासून माझ्या अंगावर तीन लिप्या नांदल्या. मास्तर टाइप करायचे तेव्हा ओळ उजवीकडून डावीकडे जायची म्हणे. मला त्याचं काही वाटलं नाही. बोटं तशीच हलकी पडायची.

२००४ साली, पोळा झाल्यावर, नांदेडच्या एका संस्थेने सेनगावच्या शाळेत बायकांच्या आरोग्य तपासणीचं शिबिर ठेवलं. प्रत्येकीचं नाव, गाव, वय संगणकात लिहायचं आणि छापील कार्ड हातात द्यायचं. त्यासाठी मराठी आणि उर्दू अशा दोन भाषांत चालणारा नवा प्रोग्राम त्यांनी केला होता. संगणक संतरामने फुकट दिला, चालवायला मिनाला पाठवलं. बदल्यात शाळेच्या दारावर दुकानाचा बोर्ड लावून घेतला. संस्थेचे साहेब मिनाला म्हणाले, “दोन दिवसांत सव्वाशे कार्डं नीट निघाली, तर आम्ही इथे कायमचं नोंदणी केंद्र काढू आणि तिथली खुर्ची तुझी. नाहीतर माझ्याकडे नांदेडचा मुलगा तयार आहे.”

साहेबांचा नियम चांगला होता. पडदा बाईकडे वळवायचा, मिनाने वाचून दाखवायचं आणि बाईने स्वतः पडद्यावरच्या दोनपैकी एका बटणावर बोट ठेवून सांगायचं. पहिली आली सखुबाई. मागे तिची शेजारीण धुरपताबाई आणि मोठी रांग.

“मावशी, नाव बराबर हाय का बघा,” मिना म्हणाली. “आता सांगा, जतन करू का रद्द करू?”

सखुबाईचा चेहरा मी समोरून पाहिला. डोळे एकदम बारीक झाले.

“रद्द? काहून वं? म्या काय केलं?”

“तसं न्हाई मावशी, ही विचारायची रीत हाय.”

“राशन कार्डाला बी असंच म्हणले होते. रद्द म्हणले आन् सहा महिने साखर न्हाई. ऊठ गं धुरपता! इथं नावं कापून राहिले!”

ती उठली, तशी सगळी रांग उठली. दहा मिनिटांत खोलीत मी, मिना आणि साहेब उरलो.

त्यात गफूर मास्तर आपल्या गल्लीतल्या बायका घेऊन आले. उर्दूचा पडदा लावला. पहिलंच नाव त्यांच्या भाचीचं. मास्तरांनी पडदा वाचला आणि हसू दाबत म्हणाले, “अगे मिना, हमारी शहनाज उन्नीस की है. तेरे पडदे पे इक्यानवे की हो गई! अब इसका निकाह किससे करूँ?”

झालं असं होतं, की उर्दू उलटी लिहितात असं कुणीतरी प्रोग्राम करणाऱ्याला सांगितलं आणि त्याने सगळंच उलटं केलं, आकडेसुद्धा; एकोणीसचे एक्क्याण्णव. पण उर्दूतही आकडे डावीकडूनच लिहितात. उलटवायला हवी होती ती बटणं, आणि ती मात्र मराठीतल्यासारखीच ठेवली होती.

“ये देख बेटी,” मास्तर म्हणाले, “हम सीधे हाथ से पढ़ते. तो पहलेच ‘मनसूख’ आता. मनसूख याने रद्द. आदमी बैठा नहीं कि बाहर निकालते क्या?”

साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “शब्द वरून मंजूर होऊन आलेत. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. मी जेवून येतो, तोवर बायकांना समजावा.”

ते गेले. मिनाची बोटं माझ्यावर नुसती ठेवलेली होती, दाबत नव्हती. साहेबांचं ऐकावं तर बायका येत नाहीत, कार्डं होत नाहीत, खुर्ची गेली. न ऐकावं तर साहेब रागावतात, खुर्ची गेली. दोन्ही बाजूंनी जाणारच असेल, तर निदान बायका तरी राहाव्यात, असा तिने हिशेब केला असावा. ती उठून दारासमोरच्या हापशावर गेली. सखुबाई तिथे पाय धूत होती.

“मावशी, कोणी तुमाला चहा करू का म्हणलं आन् तुमाला नको असला, तर काय म्हणता?”

“राहू द्या म्हणते. काहून?”

“आन् कोणी तुमच्या घरी वस्तू घेऊन आलं, ती तुमाला पायजे असली तर?”

“ठेवा म्हणते. लई इचारून राहिलीस, पोरी.”

मिना पळत आत आली. बटणांचे शब्द एका साध्या फाइलमध्ये ओळीने लिहिलेले होते. ज्या क्रमाने ओळी, त्याच क्रमाने बटणं. तिने ‘जतन करा’ पुसलं आणि ‘ठेवा’ लिहिलं. ‘रद्द करा’ पुसलं आणि ‘राहू द्या’ लिहिलं. इतक्या वर्षांत माझ्यावर हजारो अर्ज लिहिले गेले, पण इतके नेमके शब्द क्वचितच. उर्दूच्या फाइलमध्ये मास्तरांनी शब्द सांगितले आणि मिनाने ओळी खालीवर केल्या, म्हणजे ‘ठेवा’ उजव्या हाताला आलं. आकड्यांची चूक तिच्या हातातली नव्हती. त्यावर मास्तरांनीच तोड काढली. वय आकड्यात लिहायचंच नाही, अक्षरात लिहायचं. ‘उन्नीस’ लिहिलं आणि शहनाज पुन्हा तरुण झाली.

साहेब परतले तेव्हा रांग दारापर्यंत होती.

“हे शब्द कुणी बदलले?”

मिना उभी राहिली. “मी, साहेब.”

“कुणाला विचारून?”

“ज्यांची नावं हायत, त्यांना.”

साहेबांचं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सखुबाई मध्ये पडली. “साहेब, राहू द्या म्हणलं तर उद्या वापस येता येतं. रद्द म्हणलं की दार लागतं. एवढं शिकून तुमाला कळंना व्हय?”

रांगेतल्या बायका हसल्या. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि खुर्ची ओढून बसले.

पहिल्या दिवशी तिघींनी ‘राहू द्या’वर बोट ठेवलं. त्यातल्या दोघी दुसऱ्या दिवशी आपणहून आल्या. तिसरी नवऱ्याला विचारायला गेली, ती अजून विचारतेच आहे. तिची जागा धुरपताबाईच्या नणंदेने भरून काढली. सव्वाशे कार्डं झाली. साहेब दिल्या शब्दाला जागले, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. अहवालात मात्र त्यांनी ‘आम्ही सुचवलेले सोपे शब्द’ असं लिहिलं. मला माहीत आहे, कारण तो अहवालही माझ्यावरच टाइप झाला. मिनाने एक शब्दही न बदलता तो टाइप केला.

केंद्राने संतरामचाच संगणक भाड्याने घेतला, म्हणून मीही मिनाबरोबर तिकडे गेलो. दिपा संध्याकाळी तिथेच अभ्यासाला बसायची.

आता मी संतरामच्या कपाटात आहे. नेलपॉलिशची अक्षरं निम्मी उडाली. तक्रार नाही. ज्यांनी माझ्या अंगावर आपली अक्षरं लावली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे; नाहीतर मी सेनगावात राहूनही सेनगावचा झालो नसतो. मित्रांनो, तुमच्या किबोर्डवर चहा सांडू नका, अधूनमधून त्याला पुसा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी एखाद्या यंत्राचं बटण बनवलं, तर त्यावरचा शब्द ते दाबणाऱ्याला विचारून लिहा. हापशापर्यंतच तर जायचं असतं.

राहिला हिशेब. पुढच्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतल्यावर बाबूसिंग आणि मिनाची आई अनुसयाबाई केंद्रावर आले. अनुसयाबाईचं कार्ड काढायचं होतं. आजवर बाबूसिंगने तोडलेला ऊस तिघी मायलेकी मिळून वाहायच्या. त्या हंगामात दोघी लेकी सेनगावात होत्या, आणि तिघींच्या वाट्याच्या मोळ्या एकट्या आईच्या डोक्यावरून गाडीत चढल्या. मिनाने पडदा आईकडे वळवला, तर अनुसयाबाईची मान वळेना. ती खुर्चीसकट सगळीच वळली आणि म्हणाली, “दिसतंय गं. वाच तू.”

साहेबांना शाबासकी मिळाली, संतरामला भाडं, मिनाला खुर्ची, दिपाला शाळा. या सगळ्याची किंमत भरली ती अनुसयाबाईने, मानेने. आणि माझ्या अंगावरच्या तीनपैकी तिला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती.