सात नंबरचा डबा

मंगळवारी पहाटे सहा वाजता सात नंबरचा डबा पूर्व किनाऱ्याला लागला. संशोधन केंद्राच्या हिशेबाने तो तिथे एकेचाळिसाव्या दिवशी यायचा होता. आला सहाव्या दिवशी.

असे बारा पिवळे डबे नदीच्या मुखाशी सोडले होते. वरच्या कारखान्यांतली, वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं नदीतून या चहूबाजूंनी बंदिस्त समुद्रात उतरतात. ती कुठे जातील हे संगणकावरचं मॉडेल सांगणार होतं, आणि मॉडेल थापा मारत नाही ना, हे डबे सांगणार होते. प्रत्येक डबा रोज पहाटे एकदा आपली जागा कळवायचा. बाकीचे अकरा मुखापाशीच घोटाळत होते.

मॉडेल तयार करणारी संशोधिका तीन दिवस आकड्यांशी झटापट करत राहिली. केंद्राचे प्रमुख मात्र खुशीत होते. आपल्याला अज्ञात प्रवाह सापडला, असं त्यांनी सगळ्यांना चहा पाजून जाहीर केलं. त्यांच्या सांगण्यावरून तिने वाऱ्याचा जोर दुप्पट धरला. सात नंबर चपखल बसला आणि पडद्यावर अख्खा पूर्व किनारा लालभडक झाला. शुक्रवारी अहवाल मत्स्य खात्याकडे गेला. तिथली मासेमारी पाच वर्षं बंद करायची का, हे सोमवारी ठरणार होतं. त्या किनाऱ्यावर सतरा होड्या आहेत. एक तिच्या मामाची.

दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून शनिवारी ती स्वतः गेली. मामा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. तिने तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, डब्यांत पहिला कितव्या नंबरचा आला? सात नंबरचा, ती म्हणाली.

"म्हणजे आपलाच," मामा म्हणाला. "नदीच्या तोंडाशी गेलो होतो, तर बिचारा जागच्या जागी गरगरतोय. म्हटलं, आपल्या ठकूचं काम अडलंय. आणून सोडला."

"मामा, त्यावर लिहिलंय, हात लावू नये."

"हात कुठे लावला? जाळ्याने उचलला."

पोरीच्या परीक्षेत लुडबुड करू नका असं आपण बजावलं होतं, हे मामीने आतून कळवलं.

मग तिने बंदीचं सांगितलं. मामाच्या हातातली सुई थांबली. आत्ताच्या आत्ता येऊन खरं काय ते सांगतो, म्हणाला. अडचण एवढीच होती की मंगळवारी बंदरावरच्या कारकुनाने डबा सापडल्याचा अर्ज भरून घेतला होता. 'कसा आला?' या रकान्यात मामाने 'आपला आपण' असं लिहून खाली सही ठोकली होती. भाचीचे गुण कापले जाऊ नयेत म्हणून.

रविवारी तिने वाऱ्याचा जोर पूर्ववत केला, मामाचा जबाब जोडला, नातंही नमूद केलं आणि सुधारित अहवाल प्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"भाचीचं मॉडेल आणि मामाची साक्ष," ते म्हणाले. "उद्या माझ्यासकट कोण विश्वास ठेवेल?"

तरीही त्यांनी तो खात्याकडे पाठवला. एकाच डब्यावर निर्णय नको, दुसरा कुठे जातो ते पाहावं, असा शेरा मारून.

सोमवारी पहाटे, बैठकीच्या चार तास आधी, चार नंबरच्या डब्याने आपली जागा कळवली. मामाच्या किनाऱ्यापासून दोन किलोमीटर. मामाची होडी शनिवारपासून पाण्यात उतरलेली नाही, असं मामी शपथेवर सांगते. भाचीचा डबा आपण आणून सोडल्याचं मामाने मात्र आठवडाभर किनाऱ्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. उरलेल्या सोळा होड्यांकडे चौकशी चालू आहे.