एक इंच जास्त

शिंपीकामाच्या त्या दुकानात त्याला सगळे ‘नवा’ म्हणत. महिनाभर कटर म्हणून हात पाहायचा, बरा निघाला तर ठेवायचं, नाहीतर नारळ द्यायचा, असं मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरात, दाराआडच्या पथारीवर तो दीड वर्ष झोपत होता. भावजी तोंडावर कधी काही बोलत नसत. मात्र पथारी ओलांडताना दर वेळी घसा खाकरत. हे काम टिकलं, तरच त्या खाकरण्यातून सुटका होती.

दुकानातले मुख्य शिंपी, म्हणजे मास्तर, गिऱ्हाइकाचं माप घेत आणि आकडे मोठ्याने सांगत. नव्याने ते वहीत उतरवायचे, खडूने कापडावर आखायचं आणि कात्री चालवायची. पंचवीस वर्षं हे काम जुने कटर करत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला म्हणून ते घरी बसले आणि जागा रिकामी झाली.

पहिल्या आठवड्यातले तिन्ही कोट सैल निघाले.

“हा कोट आहे की तंबू?” मालकीणबाई म्हणाल्या. “आत अजून एक पाहुणा राहील.”

मास्तरांनी कोट ओढून घेतला आणि टाके उसवू लागले. त्यांनी नव्याकडे पाहिलंही नाही, हेच त्याला टोचलं. तिसरा कोट नेण्यासाठी गिऱ्हाईक आलं, तेव्हा मास्तर जेवायला गेले होते. नव्याने आपल्या स्वतःच्या टेपने त्याचं माप पुन्हा घेतलं. छाती सदतीस, वहीत अडतीस. खांदा, बाही, उंची, सगळीकडे नेमका एक इंच जास्त. चूक कधी इतक्या शिस्तीत होत नाही. मग त्याला आठवलं, मास्तर बोलता बोलता दोनदा म्हणाले होते, “भाच्यालाही कुठेतरी चिकटवायला हवं.”

एवढ्यावर त्याने सगळं जुळवून टाकलं. विचारायचं मात्र धाडस झालं नाही. साधा प्रश्नही तो तीन दिवस मनात घोळवी आणि चौथ्या दिवशी गिळून टाकी. त्याने एक छोटी वही केली, तिच्यात दोन रकाने पाडले: ‘सांगितलेलं’ आणि ‘कापलेलं’. मास्तरांच्या प्रत्येक आकड्यातून तो गुपचूप एक वजा करू लागला. कपडे अंगाला बरोबर बसू लागले.

“हात बसला रे तुझा,” चष्म्यावरून पाहत मास्तर एकदा म्हणाले.

त्या कौतुकालाही काहीतरी अस्तर असणार, असं त्याला वाटलं. ते उलटून पाहण्यातच त्याची सगळी दुपार गेली.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो दोऱ्याची रिळं घेऊन बाहेरून आला, तर स्टुलावर जुने कटर बसलेले. मास्तर आणि मालकीणबाई त्यांच्याकडे झुकून हलक्या आवाजात बोलत होते. तो दिसताच बोलणं तुटलं.

“हाच का तो?” जुन्या कटरांनी डोळे बारीक करून विचारलं.

“हाच,” मास्तर म्हणाले, आणि लगेच डोळ्यांत घालायच्या औषधाची चौकशी करू लागले.

नव्याने रिळं खणात ठेवली. आपला निकाल लागला, हे त्याने मनाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचे हेडमास्तर कोटाचं माप द्यायला आले. कापड भारी लोकरीचं, गठ्ठ्यातलं अखेरचं. मास्तर त्या दिवशी एकेक आकडा सावकाश, स्पष्ट सांगत होते. “छाती चाळीस. खांदा अठरा. बाही पंचवीस.” आज कधी नव्हे तो एवढा ठासून का सांगतोय हा माणूस? नव्याने एकोणचाळीस, सतरा, चोवीस धरून कात्री चालवली.

आठवड्याने हेडमास्तरांनी कोट चढवला. बटण लागेना, बाही मनगटाच्या वरच थबकली.

“आठवड्यात मी जाडा झालो की काय?” ते हसले.

दुसरी तारीख देऊन त्यांची बोळवण केल्यावर मालकीणबाई वळल्या. “सैल असता तर आवळता आला असता. हा काय ओढून वाढणार आहे? चूक कोणाची?”

“माझीच असेल, बाई,” मास्तर म्हणाले. “टेप नवा आहे. अजून सराव नाही.”

नव्याने वर पाहिलं. मास्तरांच्या गळ्यात पिवळाजर्द टेप होता. जुना, मळका टेप भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता.

“नवा कशाला घेतलात?” त्याने कसंबसं विचारलं.

“जुन्याचा पहिला इंच कधीकाळी इस्त्रीखाली जळाला. तेवढा कापून टोकाची पितळी टोपी एकाच्या रेघेवर बसवली, म्हणून त्यावर प्रत्येक माप एक इंच जास्त येतं. आपले जुने कटर लिहितानाच एक वजा करायचे. मला त्याचा विसरच पडला होता. मागच्या आठवड्यात ते आले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘नवा कटर एक वजा करतो ना?’ तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून गुपचूप टेप बदलला. आधीचे कोट तू नजरेनेच सावरलेस. बाईंना म्हटलं, असा माणूस सोडू नका.”

“आणि मी हो म्हणाले होते,” मालकीणबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

दोष आपणहून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला होता. नव्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्याला सगळ्यांत चांगलं जमत असे. त्याने खिशातून छोटी वही काढून टेबलावर ठेवली.

“नजरेने नाही,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम खोटं माप सांगता. भाच्यासाठी.”

मास्तरांनी पानं उलटली. दोन्ही रकाने शेवटपर्यंत वाचले.

“भाचा गेल्या महिन्यातच बेकरीत लागला,” ते अखेर म्हणाले. “तीन आठवडे मला खोटारडा समजून माझ्याच शेजारी बसून डबा खाल्लास?”

“हो.”

“विचारायचं होतंस.”

“तुम्हीही सांगायचं होतंत.”

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “बगलेत आणि बाहीला जोड देऊन कोट निभावतोय का बघा. याचा महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.” आणि त्या आत गेल्या.

मास्तरांनी गळ्यातला पिवळा टेप काढून नव्याच्या हातात दिला, मोठी वही स्वतःपुढे ओढली आणि पाठ वळवून, हात किंचित पसरून उभे राहिले.

“घे माझं माप. सांग मोठ्याने.”

नव्याने टेप खांद्याला लावला. “सतरा,” तो म्हणाला.

मास्तरांनी मागे वळून न पाहता सतरा लिहिलं.