खांबापाशी काढलेला फोटो

“लेन्सला बुरशी आहे का, किती फोटो काढून झाले, बॅटरी किती टिकते...” जुना कॅमेरा विकायला काढलेल्या गयासुद्दीनभाईंनी माझ्या हातातला कागद घेऊन मोठ्यानं वाचला. “काकाजी, सवाल लिहून आनले आन् अर्ध्या घंट्यापासून नुसते चाय पिऊन राहिले. विचारा ना!”

मी कपात पाहिलं. अमरावतीच्या एका वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं देण्या-घेण्याचं काम केलं. कॅमेऱ्यावरची पुस्तकंही महिनाभर वाचून अकोल्याला आलो होतो. पण ‘तुमच्या वस्तूत खोट आहे का’ असं कुणाला तोंडावर विचारणं मला कधी जमलेलं नाही.

“बुरशी नाही,” तेच म्हणाले. “फोटो म्हनसान तं अकोल्यातली अर्धी लगनं याच्यात निघाली.”

“आन् बॅटरीचं सांगा,” आतून त्यांची बायको, आबेदाभाभी म्हणाल्या. “दोनशे फोटोत जीव सोडते ते.”

“सांगूनच राहिलो होतो!”

“हाव, सांगत होते! गिऱ्हाईक अमरावतीले पोचल्यावर.”

कॅमेरा बारा वर्षांचा, कंपनीचा सगळ्यात साधा. पकडीचं रबर एका बाजूनं सुटलेलं. जाहिरातीत आठ हजार लिहिले होते आणि माझ्याकडेही तेवढेच होते.

“फोटो कायचे काढता?”

“नात आहे माझी, आचल. खो-खो खेळते. आज दुपारी इथंच तिची मॅच आहे.”

आचल खांबापाशी सूर मारते. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालू लागली की आचल एका हातानं खांब धरून तिच्यावर झेपावते आणि क्षणभर जमिनीला समांतर, हवेत असते. मागच्या महिन्यात ती म्हणाली होती, “आबाजी, सगये म्हनतात मी हवेत लय भारी दिसते. मलेच दिसत नाही ना कधी!” मैत्रिणींच्या फोनमध्ये तिचा नुसता पिवळा फराटा यायचा. पुढच्या महिन्यात तिचं वय या गटाबाहेर जाणार होतं. त्यानंतर बारावी, मग कुठलं तरी कॉलेज. फोटो काढायचा तर आजच.

“मैदानाच्या कडेनं? या लेन्सनं?” गयासुद्दीनभाई हसले. “पोट्टी सुपारीएवढी दिसंन!” त्यांनी कपाटातून एक लांबुळकी लेन्स काढली. “हे घेऊन जा. माह्या नव्या कॅमेऱ्याले बसत नाही. पैसे तेवढेच.”

मी नको-नको म्हणत होतो तोवर त्यांनी ती बसवलीसुद्धा. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळं पुसट. मोतीबिंदू झाला असेल, असं मनाशी ठरवून मी गप्प राहिलो.

“अहो, काकाजीच्या नजरेचं ते बारकं चाक फिरवून द्या ना,” आबेदाभाभी बाहेर येत म्हणाल्या. चाक फिरलं आणि त्यांच्या ओढणीवरची टिकली न् टिकली दिसू लागली. त्या आनंदात मी बटण दाबलं, तर आत एकदम अंधार झाला.

“बिघडला?” मी कॅमेरा घाईनं खाली घेतला.

“बिघडन कायले? फोटो निघते तवा आतला आरसा वर जाते. तेवढ्या टायमाले तुमाले काहीच दिसत नाही.” ते खुर्चीत मागे रेलले. “तीस वर्सं लगनं केली मी. पन डोक्यावर अक्षता पडताना अजून एकही नवरी पाह्यली नाही.”

“मग कळतं कसं?”

“भटजीनं ‘सावधान’साठी तोंड उघडलं का दाबाचं. दिसल्यावर दाबलं तं अक्षता खाली आन् नवरीचे डोये बंद.”

रिक्षात मी कॅमेरा मांडीवर धरून बसलो होतो आणि धीर सुटत चालला होता. सगळं घडून गेल्यावर मान डोलावणारा माणूस मी. आधी कसं दाबणार?

मैदानावर मी कडेच्या दोरीशी जागा धरली. आचलनं पहिला सूर मारला. मी ‘अरे वा’ म्हणून मग बटण दाबलं. फोटोत खांब आणि धूळ. दुसऱ्या वेळी पंचांची पाठ. आचलनं मला पाहिलं, माझ्या हातातलं पाहिलं आणि धावता धावता तिचे डोळे एवढे मोठे झाले.

शेवटची दोन मिनिटं उरली. अकोल्याची एक चपळ मुलगी काही केल्या बाद होत नव्हती. आचलला खो मिळाला. ती निघाली, आणि मला एकदम जाणवलं की पुढचं मला ठाऊक आहे. सहा वर्षं मी तिचे सामने मागच्या रांगेत बसून पाहत आलोय. सूर मारण्याआधी ती एक पाऊल आखूड टाकते आणि डावा खांदा पाडते. नेहमी.

खांदा पडला. मी दाबलं.

अंधार.

पुन्हा दिसलं तेव्हा आचल पालथी पडली होती आणि मैदान ओरडत होतं.

“बाद झाली का हो?” मी शेजारच्या बाईंना विचारलं.

“घ्या! झोपले होते काय आजोबा? झाली ना बाद! असा सूर तं मी जिंदगीत नाही पाह्यला!”

मीही नव्हता पाहिला.

सामना संपला. अमरावती जिंकली. आचल धापा टाकत आली, गुडघ्याला माती, कोपराला खरचटलेलं. “आबाजी, हा कॅमेरा कोनाचा आनला? घरचा फोन होता ना फोटोले! आली काय मी फोटोत? आली ना?”

मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. मला स्वतःला आधी पाहायचं धैर्य नव्हतं.

तिनं पडद्याला नाकच लावलं. मग मी वाकून पाहिलं. एक हात खांबाला, दुसरा समोरच्या मुलीच्या पाठीला नुकता टेकलेला. वेणी सरळ मागे. पायांखाली अख्खं मैदान, आणि पाय त्याला कुठंच लागलेले नाहीत.

“मी अशी असते?” ती हळूच म्हणाली.

“मला काय विचारतेस? तेवढ्यात मला दिसलंच नाही.”

ती खो खो हसली. मग एकदम गंभीर होऊन तिनं बोट ठेवलं. “डावा पाय वाकला पहा. सरळ पायजे होता. सरांले दाखवून येऊ?”

मी पट्टा तिच्या गळ्यात घातला. मैदानाच्या पलीकडे तिचे सर संघाचं सामान आवरत उभे होते. कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरून, खाली पाहत, एकेक पाऊल जपून टाकत ती निघाली. आचलला मैदानावरून चालत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.