काही नवीन नाही

मी एक जुना संगणक आहे. टास्मानियातल्या डोव्हर बंदरावर, शेवंडं, म्हणजे मोठे समुद्री झिंगे, धरायचे पिंजरे ठेवतात त्या शेडच्या माळ्यावर माझी जागा. मित्रांनो, माझ्यावर कोणी खेळ खेळले नाहीत. माणसांनी लिहिलेल्या फायली मी एकेक करून यंत्राच्या भाषेत उतरवायचो. याला कंपाइल करणे म्हणतात. प्रत्येक फायलीचा एक तुकडा तयार होई. अशा चार हजार फायलींचे तुकडे जोडून बोटींसाठी एक प्रोग्राम तयार होई. बोटीच्या तळात पाणी शिरले, की तो भोंगा वाजवी.

सगळ्या फायलींना पाच तास लागत. म्हणून रीत पडली होती, की बदललेली फाईल तेवढी पुन्हा करायची, बाकी जुने तुकडे वापरायचे. बदलली कोणती, हे मी तारखेवरून ओळखायचो. फाईल आपल्या तुकड्यापेक्षा ताजी असली तर काम, नाहीतर सोडून द्यायची.

"हा म्हातारा एक तुकडा उगाच करत नाही," माझा मालक बार्नबी पाहुण्यांना सांगे. मला अभिमान वाटे.

माझे घड्याळ नाण्याएवढ्या सेलवर चाले. सेल संपत आला, तेव्हा बार्नबीने माझ्या पाठीवर चिठ्ठी लावली: 'सेल बदलणे'. चिठ्ठी दोन वर्षे राहिली.

बार्नबीबरोबर थिया काम करी. तिचे वडील कॉलम शेवंडं धरायला जात. इंजिन बंद असले की भोंगा वाजत नाही, हे त्यांच्याच ध्यानात आले. थियाने चूक शोधली. ती एकाच फायलीत होती. पण त्या सकाळी वीज जाऊन आली होती, आणि माझे घड्याळ एक वर्ष मागे जाऊन बसले होते. तिने सुधारलेल्या फायलीवर गेल्या वर्षाची तारीख पडली. मला जुना तुकडाच ताजा वाटला. मी पडद्यावर लिहिले, 'काही नवीन नाही'.

"असं कसं?" थिया म्हणाली. "सगळं पहिल्यापासून करू या?"

"पाच तास?" बार्नबी म्हणाला. "तुझा बाप धक्क्यावर मुळं धरील. तू बटण आधीच एकदा दाबलं असशील, तेव्हाच नवा तुकडा झाला असेल."

खालून कॉलमची हाक आली, "पोरी, ओहोटी काही माझी सासुरवाडी नाही, थांबायला."

थियाने प्रोग्राम बोटीवर चढवला. कॉलमनी घाईने इंजिन आधीच सुरू केले होते. पाणी शिरले की वर येणारा तळातला तरंगता गोळा तिने हाताने उचलला. भोंगा वाजला.

"तुझ्या आईपेक्षा बरा आवाज आहे," कॉलम म्हणाले.

"बाबा, नांगर टाकून झोपाल तेव्हा एक कान उघडा ठेवा."

"त्यासाठीच तर तू हे केलंस."

तिसऱ्या दिवशी बोट नांगराच्या जागीच बुडालेली सापडली. कॉलम आतच, आपल्या बिछान्यात होते.

थिया माळ्यावर आली. तिने तुकड्याची तारीख पाहिली, मग फायलीची. मग माझी पाठ वळवून चिठ्ठी वाचली.

"थिया, मी..." बार्नबी म्हणाला.

"सेल आहे?"

त्याने खणातून काढून दिला. दोन वर्षे तो तिथेच होता. तिने सेल बसवला, सगळे तुकडे पुसले आणि मला पहिल्या फायलीपासून कामाला लावले.

"तू घरी जा. मी बसतो."

"नको. आता कुणाला ओहोटी गाठायची नाही."

पाच तास ती हलली नाही.

मित्रांनो, आमची लहान दुखणी वेळेवर बघत जा. आणि 'काही नवीन नाही' असे मी म्हटले, तरी शंका आल्यावर माझे ऐकू नका. आता माझे घड्याळ अचूक चालते. चिठ्ठी मात्र थियाने काढली नाही.